गळतीवाल्यांची भिंत

मेव्हणे समुद्राखालची भिंत बघून आले, तेव्हापासून गळतीवाल्यांना सासुरवाडीचं जेवण गोड लागेनासं झालं.

गळतीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गच्च्या, टाक्या, मोऱ्या, जिथून म्हणून पाणी झिरपतं तिथे जाऊन ते बंद करायचं, हा त्यांचा धंदा. धंद्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच. मेव्हण्यांचं फर्निचरचं दुकान होतं आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलूनही त्यांच्याकडे बरंच बोलणं शिल्लक उरायचं.

"प्रवाळ काय, उथळ पाण्यात कुणीही बघतं, दाजी," घास हातातच धरून ते सांगत. "पण पुढे तो पट्टा एकदम तुटतो. तिथून सरळ खाली कडा. भिंतच म्हणा. खाली तळ दिसत नाही. नुसतं निळं."

"भिंती मी रोज बघतो," गळतीवाले म्हणाले.

"ही ओली असते. तुमच्या आवाक्यातली नाही."

ओल्या भिंतीवरून कुणी आपल्याला कमी लेखावं, हे गळतीवाल्यांना सहन होण्यातलं नव्हतं. "या सुट्टीत मी उतरतो," ते म्हणाले आणि बोलून गेल्यावर त्यांनाच ठसका लागला.

बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. "मी होडीत बसेन. तुम्ही वर आलात तर बरं, म्हणून."

"मीही येतो," मेव्हणे म्हणाले. "वाट दाखवायला माणूस हवा ना दाजींना."

दुसऱ्याच आठवड्यात गळतीवाले पोहण्याच्या तलावावर बुडी मारणं शिकायला जाऊ लागले. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि रागावत मात्र आईसारख्या. नळीतून श्वास घ्यायचा, तो कधी रोखून धरायचा नाही, कान दुखले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, बोट आणि अंगठ्याचं वर्तुळ म्हणजे ठीक, अंगठा वर म्हणजे मला वर न्या. हे सगळं त्यांना जमलं. घोडं अडलं ते मास्कपाशी. डोळे आणि नाक झाकणारा तो मास्क, पाण्यात गेलं की हळूहळू भरायचा. चार वेळा बदलला, चारही भरले.

मॅडमनी त्यांचा चेहरा जवळून पाहिला. "काका, मिशी."

"मिशीचं काय?"

"तिथूनच गळतंय. केसांतून पाणी शिरतं. काढून टाका."

गळतीवाल्यांची मिशी भरघोस होती, वडिलांच्या वळणावर गेलेली. लग्नाच्या आधीपासूनची. बायकोने त्यांना मिशीसकटच पसंत केलं होतं, निदान तसा त्यांचा समज होता. "बघतो," एवढंच म्हणून ते घरी आले. उभ्या गावाची गळती बंद करणाऱ्या माणसाला स्वतःच्या नाकाखालची बंद करता येऊ नये, ही गोष्ट त्यांना रात्रभर डाचत राहिली.

सकाळी ते बाथरूममध्ये शिरले, आतून कडी लावली आणि धंद्यातली सिलिकॉनची नळी काढली. टाक्यांचे सांधे भरायला ते हीच वापरत. मिशीवर पातळ थर द्यायचा, वर मास्क दाबायचा, मिशीचा ठसा उमटला की मास्क काढून घ्यायचा. ठसा अगदी मापात बसला. फक्त मास्क निघेना.

त्यांनी ओढला. डोळ्यांत पाणी आलं. तेल लावलं, साबण लावला. त्या सिलिकॉनची ते गिऱ्हाइकांना स्वतः हमी देत आले होते आणि ती खोटी नव्हती.

"किती वेळ?" बायकोने दार वाजवलं.

नाक मास्कात बंद. त्यामुळे 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' होऊ लागला होता. "बास्क अडकला," ते आतून म्हणाले.

"बस अडकली? कुठे?"

"बास्क. बला द्हावी पाहिजे."

"दहावी? आता या वयात?"

शेवटी त्यांनी दार उघडलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. मग डोळे पुसत उठली नि म्हणाली, "चला, न्हाव्याकडे जाऊ या. मी पुढे चालते, तुम्ही मागून या. फार जवळून नको."

न्हाव्याचं दुकान दोन गल्ल्या टाकून होतं. वाटेत निवृत्त मुख्याध्यापिका भेटल्या. त्यांच्या इमारतीच्या छताला ओल आली होती आणि गळतीवाले महिनाभर 'उद्या येतो' सांगत होते. डोळ्यांवर पाण्यात बुडी मारायचा मास्क चढवून निघालेले गळतीवाले पाहून बाई जागीच थबकल्या.

"आमच्याकडेच निघालात का? इतकं पाणी साठलंय वर?"

"दाही, दाही," गळतीवाले हात हलवत म्हणाले.

"दहा? दहा फूट?"

मुख्याध्यापिका वळल्या आणि त्या वयात शोभणार नाही अशा वेगाने घराकडे निघाल्या. घटकाभरात त्यांच्या इमारतीतली माणसं गाद्या, टीव्ही आणि एक आजोबा खुर्चीसकट घेऊन खाली उतरली. गच्चीवरची टाकी फुटणार म्हणून कुणीतरी वर जाऊन ती रिकामी केली.

इकडे न्हाव्याने दोन्ही बाजूंनी निरखून विचारलं, "मिशी वाचवू की मास्क?"

गळतीवाल्यांनी डोळे मिटले. "बास्क," ते म्हणाले.

कात्री चालली, वस्तरा चालला आणि मास्क सुटला. आतल्या कडेला मिशी जशीच्या तशी चिकटलेली होती. बायको बराच वेळ नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग नकळत तिने पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला.

"काय झालं?"

"अगदी सासूबाई दिसताय."

एवढ्यात मुख्याध्यापिकांच्या इमारतीतली मंडळी न्हाव्याच्या दारात येऊन ठेपली. गळतीवाल्यांनी मार खायची तयारी ठेवली. पण रिकाम्या टाकीच्या तळाला आरपार चीर निघाली होती. आणखी थोडे दिवस जाते तर टाकी खरोखर खालच्या मजल्यावर आली असती. "हा माणूस रस्त्यावरून जाता जाता ओळखतो," मुख्याध्यापिका सगळ्यांना सांगत होत्या. कुणीतरी गळतीवाल्यांचा हात हातात घेतला. मिशी नसल्यामुळे आधी मात्र चुकून न्हाव्याचा घेतला होता.

सुट्टीत तिघं बेटावर गेली. मॅडम सोबत होत्याच. होडीत मेव्हणे वाऱ्याची दिशा, माशांचे स्वभाव, असं काहीबाही समजावत होते. बायको टोपी सावरत बसली होती. गळतीवाले पाठीमागे कलंडले आणि पाण्यात गेले, मागोमाग मॅडम आणि मेव्हणेही.

मास्कमध्ये थेंब आला नाही.

उथळ पाण्यात प्रवाळाची झुडपं होती, पिवळे मासे त्यांच्यात ये-जा करत होते. मग पट्टा तुटला. पायाखालची जमीन संपली आणि समोर ती भिंत उभी राहिली. पंख्यासारखे लाल प्रवाळ वाऱ्यावर असावेत तसे डुलत होते. एक कासव भिंतीला अंग घासत, कुणाची पर्वा न करता खाली उतरून गेलं. त्याखाली फक्त निळं होतं. गळतीवाल्यांनी आयुष्यभर भिंतींतले दोषच शोधले होते. या भिंतीत त्यांना एकही सापडेना. मास्कमध्ये अचानक पाणी आलं. ते डोळ्यांतून आलं होतं.

मॅडमनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी मास्कची वरची कड दाबून नाकाने फुंकर मारली, पाणी बाहेर काढलं आणि मागे वळून पाहिलं. मेव्हणे कड्याच्या अलीकडेच तरंगत होते, डोळे विस्फारलेले, अंगठा वर. मॅडम त्यांच्याकडे पोचल्या होत्या. आता गळतीवाल्यांच्या लक्षात आलं की मेव्हणे मागच्या वेळी इथूनच परतले असणार. त्यांनी सावकाश जाऊन हात पुढे केला. मेव्हण्यांनी तो असा धरला की सोडवायला न्हावीच लागला असता. पण अंगठा हळूहळू खाली आला आणि त्याचं वर्तुळ झालं. मग दोघं हातात हात घालून भिंतीच्या कडेकडेने गेले, वर यायची वेळ होईपर्यंत.

रात्री खानावळीत मेव्हणे रंगात आले होते. शेजारच्या टेबलावरचे लोकही ऐकू लागले.

"कड्यापाशी दाजी जरा बिचकले. साहजिक आहे. मी म्हटलं, घाबरू नका, हात द्या. आणि नेलं की शेवटपर्यंत."

गळतीवाले नव्या गुळगुळीत ओठाने नुसते हसले. ती भिंत त्यांनी पाहिली होती. कुणी कुणाला नेलं याने तिचा रंग उडणार नव्हता.

"दादा," बायको पोळीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाली, "कोणी कोणाचा हात धरला होता, ते मी वरून बघत होते."

"होडीतून?" मेव्हण्यांचा घास थांबला.

"होडीत ऊन लागत होतं. होडीवाल्याकडून मास्क आणि नळी घेतली आणि तुमच्या डोक्यावरून पोहत राहिले. पाणी किती स्वच्छ आहे."

गळतीवाले तिच्याकडे बघतच राहिले. "तुला पोहता येतं?"

"तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली. "मॅडमशी बोलणं झालंय. उद्या सकाळी मी खाली जाणार आहे. दादा, तू होडीत बसायला येशील ना?"