'रिकामी बादली'चे अकरा चाहते

पत्र कसं लिहावं हे मला कळतं. वाचकहो, ही बढाई आहे हे मला मान्य आहे. आयुष्यात मी एकूण तीन बढाया मारल्या. त्यांतल्या दोन नंतर मागे घेतल्या, ही तिसरी. चाळीस वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासली. लोकांच्या वाक्यांतली कुसळं काढता काढता वाक्य कसं उभं राहतं ते मला कळलं. स्वतःचं वाक्य मी एकही लिहिलं नाही, ही गोष्ट वेगळी. सगळी शिल्लक होती म्हणा! म्हणून काही महिन्यांपूर्वी आमच्या घरात एका पत्राची गरज पडली, तेव्हा मी खुर्चीतून उठून म्हणालो, "ते माझ्यावर सोडा." कुणी ऐकलं नाही. टीव्हीचा आवाज मोठा होता.

टीव्ही मोठा होता कारण रविवार होता. रविवारी आमच्याकडे दिवसभर खेळ असतो. नातीला वाढदिवसाला मिळालेला हा खेळ टीव्हीला जोडायचा असतो, आणि त्याच्याबरोबर प्लास्टिकची एक गिटार, प्लास्टिकचा एक ड्रम आणि एक माइक येतो. गाणं सुरू झालं की पडद्यावर वरून रंगीत ठिपके घरंगळत येतात. ठिपका रेघेवर आला की नेमक्या त्या क्षणी वाजवायचं. चुकलात की पडद्यातले प्रेक्षक हुर्यो उडवतात. फारच चुकलात तर गाणं मध्येच बंद पडतं आणि सगळा बँड नापास! मुलगा गिटारवर, सून आणि नात आळीपाळीने माइकवर आणि मी ड्रमवर, अशी आमची रचना होती.

माझी अडचण अशी की मी विचार करतो. ठिपका रेघेवर आला की माझ्या मनात येतं, हाच का तो? की याच्या मागचा? आणि मारलाच, तर कितपत जोरात? एवढ्यात तो ठिपका गेलेला असतो, त्याच्यामागून त्याचे चार भाऊबंद गेलेले असतात आणि प्रेक्षक ओरडत असतात. त्या रविवारी आम्ही एकाच गाण्यात सात वेळा नापास झालो. सातही वेळा ड्रमवर.

तेव्हा सोफ्यावर बिस्किट खात बसलेल्या विहीणबाई उठल्या. विहीणबाई म्हणजे सुनेच्या आई. शाळेत तीस वर्षं खेळाच्या शिक्षिका होत्या. शिट्टी अजून गळ्यात असते. अख्ख्या मैदानाला एकदम डावा पाय उचलायला लावणाऱ्या बाई त्या! "बघू द्या जरा, व्याहीबुवा," म्हणाल्या, आणि माझ्या हातातल्या काठ्या घेतल्या. पहिल्याच फटक्यात शंभरापैकी शहाण्णव! पडद्यातले प्रेक्षक उभे राहिले. घरातलेही उभे राहिले. मीही उभा होतो, पण ते माझी बसायची जागा गेली होती म्हणून.

मला दुसरं काम मिळालं. आमच्या टीव्हीचा प्लग सैल आहे. कुणीतरी तो पायाने दाबून धरला नाही तर ऐन रंगात सगळं काळं होतं. मुलगा मोठ्या आदराने म्हणाला की बाबा, हे काम जबाबदारीचं आहे. म्हणून मी टीव्हीमागे स्टुलावर बसून एक पाय भिंतीला लावू लागलो. तिथून पडदा दिसत नाही. फक्त टाळ्या ऐकू येतात.

दुपारी नात माझ्या खोलीत आली. पोर गुणी आहे. ती म्हणाली, "आजोबा, यात तुमच्या बादलीची गाणी असती ना, तर तुम्ही आजीला हरवलं असतं."

'रिकामी बादली' हा माझ्या तरुणपणचा बँड. चौघे जण, केस खांद्यापर्यंत, चेहऱ्यावर भाव कर्ज बुडाल्यासारखे. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डच्या पाकिटावरचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला होता, आणि त्याबरोबर आलेली रेकॉर्ड मी परत द्यायला विसरलो. मुद्दाम विसरलो. त्यांचं सर्वांत छोटं गाणं अकरा मिनिटांचं आहे. त्यांचा ड्रमवाला माझ्यासारखाच विचारी माणूस. तो एक टोला देतो, त्यावर चिंतन करतो आणि पटलं तरच दुसरा देतो. त्यांचे सगळे टोले मला पाठ आहेत. त्या गाण्यांवर मला जगात कुणी नापास करू शकलं नसतं.

नातीने चौकशी करून ठेवली होती. खेळ बनवणारी कंपनी आमच्याच शहरातली, लहानशी. दर तीन महिन्यांनी ती एका नव्या बँडची गाणी खेळात घालते, आणि कोणता बँड घ्यायचा ते लोकांच्या पत्रांवरून ठरवते. पत्रं कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर सगळ्यांना वाचता येतात. नाव घालावं लागत नाही, आपण काय करतो तेवढं लिहिलं की झालं. मुदत महिनाअखेर. मी ते पान पाहिलं. 'पिसाळलेली इस्त्री' वगैरे इतर बँडांसाठी पन्नास-पन्नास पत्रं आली होती. बादलीसाठी शून्य.

एका पत्राने काय होणार? आणखी चाहते हवे होते, आणि माझ्या ओळखीत एकही नव्हता. मी धीर करून वाचनालयात शेजारच्या गृहस्थांना विचारलं की आपल्याला 'रिकामी बादली' आवडते का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्तमानपत्र उचललं आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

मग मी चाहते तयार केले. अकरा!

नातीने ई-मेलचा पत्ता कसा काढायचा ते एकदा दाखवलं होतं, पुढचे दहा मी एकट्याने काढले आणि वहीत नीट नोंदवले. एक बेकरीवाला होता, तो बादलीच्या तालावर पीठ मळायचा. एक दंतवैद्य बाई होत्या. त्यांचं म्हणणं, दवाखान्यात बादली लावली की रोगी आपणहून तोंड उघडतात. लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण होता, एकमेकींशी अबोला धरलेल्या जुळ्या बहिणी होत्या. अकराही पत्रं एका हातची वाटू नयेत म्हणून मला त्यांत चुका घालाव्या लागल्या. चाळीस वर्षं ज्या काढल्या त्याच परत! बेकरीवाल्याची एक वेलांटी मी बिघडवली, सवयीने दुरुस्त केली आणि परत बिघडवली.

अकरा पत्रं गेली आणि मला शंका आली. शंका मला रोजच येते, पण ही मोठी होती. अकरा माणसं आणि अकरांचं एकमत? छापखान्यात मी दोन माणसांचं एकमत झालेलं पाहिलं नव्हतं, आणि त्यांतला एक मी असायचो. हे खोटं आहे हे कुणालाही कळेल! खऱ्या घोळक्यात एक तरी विरोधक लागतो. म्हणून मी बारावं पत्र लिहायला घेतलं. नुकताच दोन तास प्लग दाबून आलो होतो, पाय बधिर झाला होता. पत्राखाली 'एक निवृत्त क्रीडाशिक्षिका' असं घातलं आणि बाईंच्या हाती लेखणी दिली.

"बादलीचं गाणं मी एकदाच ऐकलं," बाईंनी लिहिलं. "ते लागल्यावर मी केस धुवायला गेले. धुतले, वाळवले, विंचरले. बाहेर आले तरी ड्रमवाला पहिल्या टोल्यातून सावरला नव्हता. पुढचा टोला द्यावा की नाही हे ज्याला ठरवता येत नाही, त्याने ड्रमवर बसू नये. टीव्हीचा प्लग पायाने दाबून बसावं, घराला तेवढाच उपयोग. आम्हाला 'पिसाळलेली इस्त्री' हवी. ती विचार करत नाही, वाजवते. वेळ थोडा आहे आणि ठिपके पुष्कळ."

वीस मिनिटांत झालं. एकही चूक घालायचं भान राहिलं नाही. वाचून पाहिलं आणि मला घाम फुटला, कारण मला ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पानावर त्या पत्राखाली चाळीस लोकांनी वाहवा लिहिली होती. खऱ्या लोकांनी! मी लगेच दंतवैद्य बाईंना उत्तर द्यायला बसवलं. त्यांनी संयमाने बादलीची बाजू मांडली. क्रीडाशिक्षिकेने दोन ओळींत त्यांचे दात घशात घातले. लिफ्टवाला मदतीला धावला, त्याला तिने दोन मजल्यांच्या मध्ये अडकवून ठेवलं. वाचकहो, हे सगळं मीच लिहीत होतो, पण शपथेवर सांगतो, मला आवरत नव्हतं. गुरुवारी बेकरीवाला फुटला. "बाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे," असं त्याने माझ्या हातून लिहिलं. "काल इस्त्री लावून पाहिली. पाव लवकर फुगले." जुळ्या बहिणी या एकाच मुद्द्यावर एकमेकींशी बोलू लागल्या, आणि दोघी इस्त्रीकडे गेल्या!

इकडे घरात नात ती पत्रं मोठ्याने वाचून दाखवायची, प्लगचं वाक्य तेवढं गाळायची. विहीणबाई खूश. कोण बाई आहे ही, अगदी माझ्या मनातलं बोलते, असं त्या चारदा म्हणाल्या. मी टीव्हीमागे होतो ते बरं.

मग कंपनीचं निमंत्रण आलं. एकदम बारा! शनिवारी सकाळी अकरा वाजता कार्यालयात निकाल जाहीर होणार, पत्रलेखकांनी अगत्य यावं. मी वही उघडून एकेकाला आजारी पाडलं. दंतवैद्य बाईंची दाढ दुखू लागली, लिफ्टवाला जिन्यावरून पडला. क्रीडाशिक्षिकेचा गुडघा दुखावला. कंपनीने तिला उलट लिहिलं की गाडी पाठवतो, पत्ता द्या. पत्ता कुठला देणार, माझा? घाबरून तिने कळवलं, गुडघा बरा आहे, मी येते.

मी जायचं ठरवलं. बाईंना काही येता आलं नाही असं कुणाच्या तरी कानात सांगायचं, आणि जमलंच तर त्याच कानात बादलीसाठी एक शब्द टाकायचा. निकाल अजून लागायचा होता ना! दारातून निघतो तर विहीणबाई बूट घालून तयार. म्हणाल्या, "चला व्याहीबुवा. ती बाई मला बघायचीच आहे."

कार्यालय एका टायरच्या दुकानावर होतं. एक मोठी खोली, पुढे पडदा, खाली ड्रम. त्या गाजलेल्या वादाच्या मानकऱ्यांसाठी, आजाऱ्यांसकट, पहिल्या रांगेत बारा खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर चिठ्ठी: 'बेकरीवाले', 'दंतवैद्य', 'लिफ्ट'. रांग रिकामी. माझी अकरा माणसं गैरहजर पाहून मला खरंच वाईट वाटलं. एकाला तरी यायला काय झालं होतं!

कान शोधत मी इकडेतिकडे पाहत होतो, तोवर सपाता घातलेले एक तरुण मालक लगबगीने आले. त्यांची नजर विहीणबाईंच्या शिट्टीवर गेली.

"तुम्ही क्रीडाशिक्षिका का?"

"हो," विहीणबाई म्हणाल्या. "तीस वर्षं."

मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि मागच्या तीस-चाळीस लोकांनीही वाजवल्या. विहीणबाईंना टाळ्यांची सवय आहे. कशाबद्दल, असं त्या विचारत नाहीत. त्यांना बाराव्या खुर्चीत बसवलं. मालकांनी जाहीर केलं की या बाईंच्या पत्रापुढे आमचं काही चाललं नाही, 'पिसाळलेली इस्त्री'ची सहा गाणी आजपासून खेळात! मी तोंड उघडलं. पण सांगणार काय? ती बाई मी आहे, आणि माझं स्वतःचं मत वेगळं आहे?

पहिलं गाणं वाजवण्याचा मान अर्थात विहीणबाईंना. त्यांनी काठ्या उचलल्या, ठिपके पावसासारखे सुटले, आणि पडदा काळा झाला. मालक तारा धुंडाळू लागले. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"प्लग असेल," त्या म्हणाल्या. "आमच्या व्याहीबुवांना द्या. त्यांचा पाय बसलाय त्यात."

मी गेलो. पडद्यामागून टाळ्या चांगल्या ऐकू येत होत्या.

परतीच्या बसमध्ये दोन थांबे गेल्यावर विहीणबाईंनी पिशवीतून एक कागद काढून वाचला. मग म्हणाल्या, "मालकांनी ते पत्र छापून मला दिलं. प्लगचं त्या बाईला कसं कळलं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काहीच नव्हतं, तरी पाहिलं. शेवटी सगळं सांगितलं. शिट्टी वाजणार म्हणून मी कानावर हात नेला होता.

"बारा पत्रं?" त्या म्हणाल्या.

"बारा."

"आणि सगळ्यांत चांगलं माझं."

"हो."

"आणि तुमचं स्वतःचं? ते कितवं?"

मी मनात वही उघडली. बेकरीवाला, दंतवैद्य, लिफ्ट, जुळ्या... दोनदा मोजलं. 'एक निवृत्त प्रूफरीडर' कुठेच नव्हता. लिहायचं राहूनच गेलं होतं.

विहीणबाई हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी येताना त्यांनी पिशवीतून एक वीट आणली आणि प्लगला टेकवून ठेवली. वीट हलत नाही, विचारही करत नाही. काम माझ्यापेक्षा चोख. माझं स्टूल त्यांनी उचलून ड्रमशेजारी आणलं आणि समोर एक लहान टेबल ठेवलं. झालं होतं असं की क्रीडाशिक्षिकेने दर महिन्याला पानावर एक पत्र लिहावं असं कंपनीचं मागणं होतं, आणि विहीणबाईंनी विचार न करता हो म्हटलं होतं. आता रविवारी त्या वाजवतात आणि मी शेजारी बसून त्यांचं पत्र लिहितो. मला पडदा दिसतो. वाचक वाढताहेत. बेकरीवाल्याचं पत्र अजून येतं. त्याला कसं थांबवावं ते मला कळत नाही.

नातीचं म्हणणं, बाईंनीच बादलीची शिफारस केली तर कंपनी पुढच्या खेपेला मुकाट्याने गाणी घालेल. विहीणबाईंचीही हरकत नाही. घाला हो दोन बरे शब्द, म्हणाल्या. तीन महिने मी प्रयत्न करतोय. पण लिहायला बसलो की ती पत्रातली बाई काही ऐकत नाही.