मागच्या बाकावरचे हेडमास्तर

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या शाळेत हेडमास्तरांची खोली होती, खुर्ची होती, फक्त खुर्चीत हेडमास्तर नसायचे. बर्वेसाहेब कुठल्या तरी वर्गात मागच्या बाकावर, पोरांच्यात गुडघे दुमडून बसलेले असायचे. कुणी भेटायला आलं की शिपाई वर्गावर्गात डोकावत त्यांना शोधायचा.

"मास्तर, पुढून सगळेच हुशार दिसतात," असं त्यांचं म्हणणं. मागून त्यांना म्हणे माना दिसत. समजलं की मान सैल, नाही समजलं की ताठ. मानेवरून गणित ओळखणारा माणूस, म्हणजे हद्दच झाली! मी गणिताचा मास्तर, तेव्हा सगळ्यात जास्त भोग माझ्या वाट्याला. तास संपला की चहा पाजायचे आणि गरीब चेहरा करून म्हणायचे, "चक्रवाढ व्याज मलाही नाही कळलं. पुन्हा सांगता?" मी सांगत जायचो, ते 'का?' विचारत जायचे, आणि चहा निवेपर्यंत मला घाम फुटायचा.

नापास पोराला त्यांनी कधी छडी लावली नाही. त्याच्या मास्तरालाच दुसऱ्या मास्तराच्या वर्गात बसायला पाठवायचे, तो कसं शिकवतो ते बघायला. आमच्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांना आठवीच्या पोरांत बसवलं, तर बुवांनी कितीतरी दिवस अबोला धरला. पण निकाल सुधारले हो! संस्थानाची फौज मोडून बाप घरी बसलेले. पोरगा मॅट्रिक झाला तर घर चालणार. अशी पोरं पार किला गेटहून पायी आमच्याकडे यायला लागली.

कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि वरच्यांना वाटलं, इतका गुणी माणूस शाळेत काय करतो? दिली बढती, नेलं भोपाळला. साहेबांनी अर्ज केला की मला शाळेतच राहू द्या. बढती नको म्हणणारा माणूस खात्याला समजेचना. आम्ही मात्र बाड्यावरच्या बाजारातून पेढे आणून वाटले.

नवे हेडमास्तर भले होते, पण खोलीतून उठत नसत. आम्हाला 'का?' विचारणारं कुणी उरलं नाही. निकाल हळूहळू घसरले आणि किला गेटची पोरंही यायची थांबली. अजून जीव हळहळतो.

पुढे एकदा कामानिमित्त भोपाळला गेलो, तेव्हा साहेबांना भेटलो. मोठी खोली, मोठं टेबल, पण माणूस वाळून गेलेला. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ग्वाल्हेरलाच वारलेल्या, मूलबाळ नाही. इथे रमलात ना, म्हणून विचारलं. तर म्हणाले, दुपारी जवळच्या शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभा राहायचो, पोरांची डब्याची सुट्टी बघत.

"मग परवा तिथल्या चौकीदारानं हटकलं. बाबूजी, रोज आते हो, आपका बच्चा कौन-सा है?"

"मग?"

"काय सांगणार, मास्तर? कोई नहीं, म्हटलं. आता नाही जात."