लांबकान्यांच्या बुडाल्या नगरीचा दरवाजा उघडला, त्याची हकीकत

समस्त वाचणारांस विदित व्हावे की, राज्ये जितकी शत्रूच्या तोफांनी बुडतात तितकीच घरच्या रुसव्याफुगव्यांनी बुडतात, आणि हे ज्या मोहिमेत सिद्ध जाहले ती रविवारी दुपारी बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर घडली. यात लेखकाने पदरचे काही घातले नाही. घातलेच असेल तर थोडे.

त्या टीव्हीतल्या खेळात एल्फ नामे लांबकानी जात होऊन गेली. हजार वर्षे संगमरवरी नगरीत नांदली, सर्व विद्या जाणती जाहली, आणि मग एके दिवशी अवघे नगर जळून राख. मागे उरले एकोणीस शिलालेख आणि एक बंद दरवाजा. तो सर करावा म्हणून तीन महिने दोन सरदार मैदानात होते. एक भाचीसाहेब, कंट्रोलरबहाद्दर, ज्यांच्यापुढे राक्षस टिकेना. आणि दुसऱ्या आत्याबाई, तीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासून निवृत्त जाहलेल्या, ज्या लढत नसत, परंतु वाटेतला प्रत्येक शिलालेख वाचीत, वहीत उतरवीत, आणि एल्फांच्याही चुका तांबड्या पेनाने सुधारीत. भाचीने मारावे आणि आत्याने वाचावे, ऐसा कारभार सुखाने चालिला होता.

मग दुर्बुद्धी सुचली. भाचीसाहेबांस दुधारी कुऱ्हाडीचा मोह पडला, आणि आत्यांनी वेचून वेचून जमविलेले एल्फांचे सारे ग्रंथ त्यांनी खेळातल्या बाजारी एका बुटक्या सौदागराच्या हवाली करून कुऱ्हाड घेतली. आत्यांनी वही मिटली, स्वयंपाकघरी कूच केले आणि चार दिवस अबोला धरिला. इकडे भाचीसाहेबांस परगावी नोकरी लागलेली, रविवारी पाचास निघणे, खेळयंत्र सोबत जाणार, आणि पिताजी खोके व चिकटपट्टी घेऊन सिद्ध. दरवाजा न उघडता जाणे हे एक दुःख, आत्याशी न बोलता जाणे हे दुसरे. दुसरे फार मोठे होते, परंतु कबूल कोण करितो?

तीन वाजता स्वारी दरवाजाशी दाखल जाहली. दगडी पहारेकऱ्याने सवाल टाकिला की, आमच्या एकोणीस शिलालेखांत खोटा कोणता? भाचीसाहेबांनी जन्मात एकही वाचला नव्हता. अंदाजे तिसरा म्हणाल्या, आणि पहारेकऱ्याने एका थपडेत त्यांस दलदलीपलीकडे भिरकाविले. अर्धा तास चिखल तुडवून परत आल्या, नववा म्हणाल्या, पुन्हा चिखल. तेव्हां पिताजींस वकील नेमून स्वयंपाकघरी रवाना केले की, वहीत काय आहे ते विचारावे. तिकडून हुकूम आला की, ज्यास ग्रंथ नकोत त्यास वहीही नको. ऐसे चार खेटे जाहले आणि वकील कावले.

"अगं, तुम्ही दोघी बोला की एकमेकींशी! मी काय पोस्टमन आहे?"

चार वाजून गेले. भाचीसाहेब हताश होऊन मोठ्याने बोलल्या की, जाऊ दे, सातवा. आता आत्यांनी चार दिवस राग गिळला होता, परंतु डोळ्यांदेखत चूक छापून जाऊ देणे हे त्यांच्या हाडीमांसी नव्हते. हातातले ताट तसेच टाकून त्या धावत आल्या.

"सातवा नव्हे गं, बारावा! सातव्यावर ड्रॅगन चारशे बारा साली मेला, पंधराव्यावर चारशे तेराला त्याची हाडं दरबारात टांगली. मग बाराव्यात तो चारशे पंधराला नगर कसा जाळतो?"

"गेमवाल्यांची चूक असेल."

"चूक अशी नटूनथटून येत नाही. हे कुणीतरी मुद्दाम लिहिलंय."

बारावा म्हणताच ती शिळा दुभंगली आणि आतून खरा लेख निघाला, तो आत्या वाचू लागल्या: नगरीच्या पाण्याच्या दरवाजास दोन किल्ल्या, दोघी राण्या बहिणी, एकेक किल्ली एकेकीकडे. क्षुल्लक कारणे अबोला जाहला. मुदपाकखान्यात आग लागली, तेव्हां आधी तिने यावे म्हणून दोघी आपापल्या महाली बसून राहिल्या. मागाहून लाज वाटोन ड्रॅगनचे नाव खोदिले. हे ऐकोन भाचीसाहेबांनी कंट्रोलर खाली ठेविला.

"चुकलं माझं, आत्या. तुला न विचारता पुस्तकं द्यायला नको होती."

"आणि मी इतकी फुगून बसायला नको होतं. तू आज जाणार, हे मला काय ठाऊक नव्हतं?"

परंतु पाण्याचा दरवाजा तो हाच, त्यास किल्लीची दोन भोके होती, आणि दोन खेळाडूंनी एकदम कळ दाबल्याविना तो हालेना. दुसरा कंट्रोलर खोक्यात बंद. पिताजींनी स्वहस्ते लाविलेली पट्टी स्वहस्ते फाडिली, आणि आत्यांनी कंट्रोलर उलटा धरिला, तो भाचीसाहेबांनी सुलटा करून दिला, आणि दोघींनी मिळून कळ दाबिली. दरवाजा उघडला, नगर जळाल्यापासून अडलेले पाणी सुटले आणि राखेतून वाहत गेले. आत्यांनी डोळे पुसले व चष्म्यावर खापर फोडिले.

येणेप्रमाणे चार वाजून पन्नास मिनिटांनी फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे. खोके पुनश्च बांधिले, त्यात एक कंट्रोलर कमी भरला. पिताजींनी चौकशी करिता भाचीसाहेबांनी फर्माविले की, एक किल्ली आत्याकडेच राहील, त्या राण्यांसारखी रुसून नव्हे, राजीखुशीने. आत्यांनी तो कंट्रोलर चष्म्याच्या घरापाशी ठेविला आहे, आणि रोज पुसतात.