उष्णता पिणारी भिंत

यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या दिवाणखान्यात पंखा लागणार नाही, असं शास्त्रज्ञाने छातीठोकपणे जाहीर केलं, तेव्हा बायकोने पंख्याची पाती पुसून ठेवली. शास्त्रज्ञ हे त्याचं घरातलं नाव. बाहेर तो रंग आणि गिलावा बनवणाऱ्या एका कंपनीत तपासनीस होता, आणि पत्र्याच्या छपराखालच्या प्रयोगशाळेत दिवसभर घामाघूम होत असे.

यावेळी मात्र त्याच्या हाती खरंच काहीतरी लागलं होतं. पिठासारखी एक भुकटी! तिचा एकेक कण म्हणजे डोळ्यांना न दिसणारी कुपी, आणि कुपीत मेण. खोली तापू लागली की मेण वितळतं आणि वितळताना उष्णता पिऊन टाकतं. रात्री खिडक्या उघडल्या की ते पुन्हा घट्ट होतं आणि प्यायलेलं सगळं सोडून देतं. ही भुकटी गिलाव्यात कालवून त्याने दिवाणखान्याच्या भिंती स्वतः लिंपल्या. निम्मा गिलावा फरशीवर पडला, तो बायकोने खरवडला.

रविवारी दुपारी साहेब भिंत बघायला येणार होते. पसंत पडली तर कंपनीच्या नव्या कचेरीला हाच गिलावा लागणार आणि शास्त्रज्ञाला तिथे स्वतंत्र खोली मिळणार. नाही पडली तर निवृत्तीपर्यंत पत्रा.

अशा वेळी माणसाने तोंड मिटून बसावं की नाही? पण ते त्याला जमलं असतं तर तो शास्त्रज्ञ कसला! सकाळीच त्याने मेहुण्याला फोन केला. मेहुणा एक नंबरचा उचापती. तो बायकामुलांसह आला, भिंतीला पाठ लावून बसला, आणि अहाहा म्हणत वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलवायला गेला. काका आपला पत्त्यांचा अड्डाच उचलून घेऊन आले. शास्त्रज्ञाने त्यांना दारातून परत पाठवायला हवं होतं. त्याऐवजी त्याने प्रत्येकाला मेणाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि वर टेका, अगदी निःसंकोच टेका, असा आग्रह धरला. लोक टेकले. जेवून आलेले, जाडजूड, गप्पांत रंगलेले लोक!

थोड्या वेळाने काकांनी सदऱ्याची बटणं सोडली. मेहुणा वर्तमानपत्राने वारा घेऊ लागला. शास्त्रज्ञाने थर्मामीटर पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. बायकोने त्याला बाजूला घेतलं.

"काय झालं?"

"भिंतीचं पोट भरलं. या सगळ्यांच्या अंगाच्या उष्णतेनेच मेण वितळून गेलं. आता ती साधी भिंत आहे."

"मग रिकामी करा."

"त्याला रात्र व्हावी लागते गं."

बायकोने निदान खोली तरी रिकामी करायला घेतली. पण काकांचा डाव रंगात आला होता, ते हलेनात. तेवढ्यात घंटी वाजली. साहेब आत आले आणि दोन मिनिटांत त्यांचा चष्मा घामाने नाकावरून घसरला. शास्त्रज्ञाला अगदी रडू यायचं बाकी होतं.

मेहुण्याला दाजींची दया आली. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, आम्ही येईपर्यंत इथे फार गार होतं."

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे माणसं नसली की हे चालतं?"

"उत्तम चालतं, साहेब," शास्त्रज्ञ पुटपुटला.

"मग आपल्या गोदामाला लावा. उन्हाने रंगाचे डबे फुगतात तिथे. प्रमुख तुम्हीच."

प्रमुख! घरभर टाळ्या पडल्या. मेहुण्याने तर सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं.

गोदाम आता झकास थंड असतं. तिथल्या थर्मामीटरवर शास्त्रज्ञाला दिवसभर नजर ठेवावी लागते. पण माणसाच्या अंगाच्या उष्णतेवर भिंती वाया जाऊ नयेत म्हणून प्रमुखांनी आत पाऊल टाकायचं नाही, असा साहेबांचा हुकूम आहे. त्यामुळे तो बाहेर उभा राहून खिडकीच्या काचेतून आकडा वाचतो. दुपारचं ऊन नेमकं त्याच बाजूला येतं, आणि तिथे पत्राही नाही.