अधिक विश्वासार्ह चेहरा

निमगाव केतकीच्या चौकातल्या फलकावर एका बाईने डाळिंब हातात धरले आहे. त्या हातावर एकही ओरखडा नाही. डाळिंबाच्या फांदीला काटे असतात आणि ते माणूस बघून टोचत नाहीत. फलकाखाली एस.टी.ची वाट बघत उभ्या असलेल्या विजयमालाच्या उजव्या हातावर त्या दिवशी अकरा ओरखडे होते. फलकावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘प्रगतिशील बागायतदार सौ. विजयमाला हिंदुराव राऊत’. नाव तिचे होते, बाग तिची होती. बाई तेवढी दुसरी होती.

यात कोणाचाही दोष नव्हता. विजयमालाने दोन एकरांत विक्रमी डाळिंब काढले, म्हणून ती वापरायची त्या खताच्या कंपनीने जाहिरात करायचे ठरवले. कंपनीचा अधिकारी ऋषिराज याने तिचे चाळीस फोटो मुख्यालयाला पाठवले. मुख्यालयाने अभ्यास करून कळवले, ‘सदर शेतकरी महिला शेतकरी वाटत नाही. अधिक विश्वासार्ह चेहरा वापरण्यात यावा.’

“नाव तुमचंच राहील हे मी भांडून घेतलं, काकू,” ऋषिराज म्हणाला.

“उपकार झालं,” विजयमाला म्हणाली.

तिचे चित्त तेव्हा दुसरीकडे होते. मुलाचे, शिवमचे लग्न ठरायचे होते आणि देवघरात दोन मुलींचे फोटो निर्णयासाठी प्रलंबित होते. एक बावड्याची प्राची. कृषी पदवीधर, गावच्या शेतकरी गटाची सल्लागार, रंगाने सावळी. दुसरी बारामतीची रेश्मा. रंगाने गोरी, बाकी माहिती उपलब्ध नाही. हिंदुरावांसकट अख्ख्या भावकीचे मत रेश्माला होते. शिवमला प्राची आवडली होती, पण ‘आई म्हणेल तसं’ म्हणून तो मोकळा झाला होता. विजयमालाच्या मनातही प्राचीच होती. फक्त ते तोंडाने बोलले की घरात महिनाभर कोणी धड जेवणार नव्हते, म्हणून ती म्हणायची, “तोडणी उरकू द्या.”

तोडणी उरकायच्या आत बाग बघायला गाड्या यायला लागल्या.

“मावशी, विजयमाला मॅडम कुठंयत?”

“मीच हाय.”

पाहुणे मनापासून हसले. “बरं, मॅडमला निरोप द्या. आन् चहाचं बघा तेवढं.”

हिंदुरावांनी पहिल्या आठवड्यात बायकोची ओळख करून दिली. दुसऱ्या आठवड्यापासून ते म्हणू लागले, “मॅडम पुण्याला गेल्यात.” त्यात कमी श्रम होते. अभिप्राय वहीत नोंदी पडत गेल्या, ‘बाग उत्तम. बागायतदार महिलेची भेट झाली नाही. चहा चांगला होता.’

तक्रारींची कंपनीने तातडीने दखल घेतली. बागेच्या फाटकाशी फलकावरच्या बाईचा पुरुषभर उंचीचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा राहिला. पाहुण्यांचे समाधान झाले. ते पुतळ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. मात्र उन्हाने पुतळ्याचा रंग उतरतो असे आढळल्याने त्याला दुपारी सावलीत हलवायची जबाबदारी विजयमालावर सोपवण्यात आली. ती दुपारी बारा वाजता स्वतःला उचलून लिंबाखाली नेऊन ठेवी आणि उन्हात छाटणीला परत जाई.

बावड्याच्या गटाबरोबर प्राची आली. सगळा गट पुतळ्याकडे वळला. प्राची सरळ झाडांत शिरली.

“काकू, बहरासाठी पाणी तोडून ताण किती दिवस दिला होता?”

“तुला कसं गं कळलं मीच ती?”

“बाकी सगळे बागेकडं पाठ करून उभे होते.”

दोघी तासभर झाडांखाली बोलत बसल्या. मुळाशी पाणी कुठे साचते ते प्राचीने दाखवले. विजयमालाने दुसऱ्याच दिवशी चर काढला. संध्याकाळी ती शिवमला म्हणाली, “आता सांगूनच टाकते सगळ्यांना.” तेवढ्यात फाटकाशी ऋषिराजची गाडी थांबली.

“काकू, पुढच्या हंगामात दोन पिढ्यांचा फलक करायचाय,” तो ओसरीवर बसत म्हणाला. “सासू आणि सून. सासू मुख्यालयाने मुंबईहून घेतलीय.”

“आन् सून?”

“सून घरचीच चालेल, असं पहिल्यांदाच लेखी आलंय. फक्त विश्वासार्ह पाहिजे.”

विजयमाला उठली. देवघरातले दोन्ही फोटो आणून तिने ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले. ऋषिराजने ते बघितले आणि सभ्य माणसासारखा बागेकडे पाहत राहिला.

“आई, तू म्हणाली होतीस…” शिवमने सुरुवात केली.

“थांब जरा.”

तिने प्राचीचा फोटो हातात घेतला, पदराने पुसला, परत ठेवला. मग रेश्माचा घेतला आणि हात लांब करून धरला. रस्त्यावरून, चालत्या एस.टी.तून कसा दिसेल, तेवढ्या अंतरावर. हिंदुराव पुढे सरकून बसले. चार महिने जे ऐकायचे होते ते आता ऐकायला मिळणार होते.

“प्राचीसारखी पोरगी दिवा घिऊन हुडकली तरी गावायची न्हाय,” विजयमाला म्हणाली. “पर तिला वळखायला बागंत यावं लागतंय, आन् फलक चौकात लागतोय. आपल्या घरातली एक तरी बाई तितं दिसू द्या. बारामतीला होकार कळवा.”