सत्तर ते ऐंशीचा खांब

आमच्या कॉलनीत भरीत खायचं असेल तर आधी आयतालेखात उभं राहावं लागतं. हा नियम नानांचा. नाना मूळचे भडगावचे. धुळ्याच्या एका कॉलेजात जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन जळगावात आमच्या शेजारी आले. पोरं सुटली, आम्ही सापडलो.

दर हिवाळ्यात कॉलनीची भरीत पार्टी असते. वांगी नानांच्या शेतातली, त्यामुळे कुणाची बोलायची सोय नाही. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला पडली की नाना गल्लीत चुन्याच्या रेघा मारतात. दहा वर्षांच्या आतली पोरं पहिल्या पट्ट्यात, दहा ते वीसची दुसऱ्यात, असं थेट नव्वदपर्यंत. एकामागे एक उभं राहायचं. गच्चीवरून फोटो काढला की उंच-बुटके खांब दिसतात, हाच तो आयतालेख. "आयतालेखात फट नसते!" असं ओरडत त्यांनी पार्किंगवरून अबोला धरलेले दोन शेजारी खांद्याला खांदा लावून उभे केले आहेत. चाळीस ते पन्नासचा खांब सगळ्यात उंच, कारण पाटील वहिनी त्यातून हलत नाहीत. "वहिनी, पन्नास पूर्ण म्हणजे पुढचा वर्ग," नाना सगळ्यांदेखत सांगतात. त्या दिवशी वहिनी नानांच्या पानाकडे फिरकत नाहीत.

कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांचाही आलेख असतो. तोवर एकूण किती पुऱ्या संपल्या, ते ठिपके नाना फळ्यावर जोडत जातात. वक्र चढतोय तोवर लाटायचं, आडवा झाला की कढई उतरवायची. "हा वक्र खाली कधी येत नाही. खाल्लेली पुरी परत येते का?" एकदा वक्र आडवा झाला म्हणून कढई उतरवली, तर मंडळी नुसती पाणी प्यायला उठली होती. अर्धी कॉलनी भरीत चमच्याने खाऊन घरी गेली.

या शास्त्राचा खरा जाच अक्कांना, म्हणजे नानांच्या पत्नींना. त्या नानांहून लहान; अंतर दहा वर्षांना जेमतेम कमी. "बठ्ठा जोडपा एकेक खांबमा उभा ऱ्हातस," सगळी जोडपी एका खांबात दाखवत त्या दरवर्षी म्हणत. "आमना बीचमाच रेघ कसाले?" मीही म्हटलं, नाना, वर्ग वीसचा करा, संपलं. नाना उखडले. "एका नोंदीसाठी वर्ग बदलला तर ते शास्त्र नाही, लबाडी आहे."

यंदा तर कहर झाला. पौष गेला, माघ गेला, नाना तारीखच देईनात. "अजून नाही." फाल्गुनात ऊन तापलं, वांग्यात बी धरलं. पाटील वहिनी म्हणाल्या, नानांचाच वक्र आडवा झालाय. मग एक दिवस नानांनी मला, म्हणजे कॉलनीच्या सेक्रेटरीला, फर्मान काढलं. "गुरुवारी करा."

"अहो, लोकांना कामं असतात. रविवारी करू."

"रविवारी उशीर होईल."

गुरुवारी चडफडत सगळे जमलो. अक्का सवयीने साठ ते सत्तरच्या पट्ट्याकडे निघाल्या. नाना आपल्या पट्ट्यातून खाकरले. "काल सत्तर पूर्ण झाली ना? ये, आठे उभी ऱ्हाय."

अक्का थबकल्या. मग लुगडं किंचित उचलून त्यांनी रेघ ओलांडली, नानांच्या पुढे उभ्या राहिल्या आणि पदर सारखा केला.

जेवताना मी नानांना विचारलं, "रविवारी काय बिघडलं असतं?"

"शनिवारी मला ऐंशी पूर्ण होतात."

म्हणजे दहा वर्षांत फक्त हे तीन दिवस दोघं एका खांबात. ज्या माणसाने एक रेघ हलवली नाही, त्याने अख्खी कॉलनी फाल्गुनापर्यंत ताटकळत ठेवली होती. "मग मागेच रेघ पुसायची होती, नाना!"

"पुसली असती तर मी तिला आत घेतल्यासारखं झालं असतं. आज ती हक्काने आली."

अक्का मोबाइलवरचा फोटो पानापानाशी जाऊन दाखवत होत्या. मी नानांच्या पानात भरीत वाढलं. विचारलं, "आता पुन्हा एका खांबात कधी?"

"ती ऐंशीची होईल तेव्हा. मला नव्वद पूर्ण व्हायच्या आत." नाना अक्कांकडेच बघत होते. "तोवर सेक्रेटरी तुम्हीच राहा. नव्या माणसाला हे सगळं समजवायला मी असेन-नसेन."