सलग नऊ वर्षं पळणारा माणूस

"काका, नऊ वर्षांत एकही मॅरेथॉन न चुकवलेला माणूस अख्ख्या शहरात एकच आहे. तुम्ही!"

सायलीनं हे सांगितलं आणि मोतीरामभाऊंचा चहा बशीत सांडला. शहराच्या मॅरेथॉनचं यंदा दहावं वर्ष. आयोजक तिचा इतिहास छापणार होते आणि तो लिहायचं काम सायलीकडं होतं. त्यासाठी ती पत्ता शोधत पुंडलिकनगरला आली होती. आता खरं सांगायचं तर भाऊ आयुष्यात एकदाच पळाले होते, तेही मागं कुत्रं लागलं म्हणून. वाळूजच्या त्यांच्या कंपनीचा नियम असा, की रविवारी जो मॅरेथॉन पळेल त्याला सोमवारी सुट्टी. भाऊ दर वर्षी नाव द्यायचे, शनिवारी टी-शर्ट आणि छातीवर लावायचा नंबर घरी आणायचे, रविवारी नऊपर्यंत घोरायचे आणि सोमवारी दमल्याचं तोंड करून पुन्हा घोरायचे.

"पण... मी पळालो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नंबरामागं चिप असते ना काका! कोण किती वाजता पोचलं, सगळं कॉम्प्युटरात येतं."

नाही म्हणावं, तर नऊ सोमवारांचं बिंग फुटणार आणि नोकरीवर गदा येणार. भाऊंनी मान डोलावली. डोलावता डोलावता त्यांना ते आवडायलाही लागलं, हे मात्र वाईट झालं.

"पहिल्या वर्षीचं काही आठवतं?"

"लई आठवतं! क्रांती चौकात ही गर्दी..."

"क्रांती चौक कुठला? पहिल्या वर्षी टीव्ही सेंटरवरून वळवलं होतं," स्वयंपाकघरातून भाऊंच्या बायकोचा, आवडाबाईंचा आवाज आला.

"व्हय व्हय, टीव्ही सेंटर."

"आणि चौथ्या वर्षी म्हणे पाणी संपलं होतं?"

"संपलं म्हंजी! घशाला नुसती कोरड..."

"पाणी नव्हतं संपलं, ग्लास संपले होते. पोरं ओंजळीत पाणी ओतायली होती," पुन्हा आतून.

"काकूंना किती बारीकसारीक सांगता हो तुम्ही!" सायली लिहिता लिहिता म्हणाली. भाऊंनी कपाळावरचा घाम पुसला.

"एकच अडचण आहे काका. तुमचा फोटो मिळत नाही. तुमच्या नंबरवर दर वर्षी या बाई दिसतात. कॉम्प्युटरचा घोळ असणार."

तिनं टॅब पुढं केला. तोंडाला घट्ट स्कार्फ, जांभळ्या साडीवर टी-शर्ट, पदर खोचलेला आणि पाय हवेत. ती साडी भाऊंनी स्वतः पैठण गेटवरून आणली होती.

"घोळच," भाऊ कसेबसे म्हणाले.

"तर या रविवारी सगळ्यांच्या पुढं तुम्ही पळायचं. पाचच किलोमीटर! तुमचे मॅनेजर पण येणार आहेत."

ती गेल्यावर भाऊ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"देवळात जाते म्हून सांगायचीस ना गं?"

"मग? तुमचं नाव घातलेलं, नंबर वाया घालवायचा व्हय?"

"नऊ वर्षं?"

"पहिल्या वर्षी नंबरासाठी. पुढं पोह्यांसाठी. पळून झालं की पोहे देतेत तिथं."

"आगं, पोहे तर तू रोज करतीस!"

"मी करते म्हूनच की! तिथं दुसरं कुणी करतं, हातात आणून देतं, वर म्हणतं, बसा मावशी. वर्षातून एकदा." त्यांनी फोडणीवर झाकण ठेवलं.

भाऊंना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. तरी त्यांनी एक डाव टाकून पाहिलाच.

"मग यंदाबी तूच..."

"अजिबात नाय! यंदा तुमी पळा. मी बघायला येते."

रविवारी ढोल वाजले, झेंडा हलला आणि भाऊ सगळ्यांच्या पुढं निघाले. हे पुढं असणं दोन मिनिटं टिकलं. मग शाळेच्या पोरी पुढं गेल्या, मग काठी टेकत एक आजोबा गेले. शेवटी भाऊंच्या मागं फक्त रुग्णवाहिका उरली. "बसता का काका?" ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी विचारत होता. हे असलं नऊ वेळा? तेही साडी नेसून? भाऊंना रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

शेवटच्या रेषेपाशी आवडाबाई जांभळ्या साडीत खुर्चीवर बसल्या होत्या. भाऊ पोचले तसं त्यांना उचलूनच स्टेजवर नेलं. मॅनेजरनी मानचिन्ह दिलं, हातात माईक दिला. आता नोकरी गेली तरी चालेल, असं ठरवून भाऊ बोलले.

"मी एकदाबी पळालो नाय. नऊ वर्षं मी गोधडीत होतो. पळाली ती आमची आवडा."

मग टाळ्यांचा नुसता कडकडाट!

"बघा!" मॅनेजर गहिवरले. "सगळं श्रेय बायकोला देणारा माणूस बघा!"

"आवो साहेब, खरंच सांगायलोय..."

"किती साधेपणा!"

सायलीनं मात्र टॅबमधली साडी पाहिली, खुर्चीवरची साडी पाहिली आणि इतिहासातलं एक नाव खोडून दुसरं लिहिलं.

मॅनेजरांचा उत्साह थांबेना. "उद्या सोमवारपासून रोज पहाटे पाचला मोतीराम आपल्या सगळ्या कामगारांना पळायला शिकवतील!"

भाऊंनी आशेनं बायकोकडं पाहिलं.

"न्या की साहेब," आवडाबाई खालूनच ओरडल्या. "चारला मी उठवते. माझ्यासाठी यांनी पोहे केले, की लगेच धाडते."